तोंड आमच्याकडं करा

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. एरवी निजामपुऱ्याच्या गल्लीत दोन माणसं भेटली तर एकमेकांच्या कानाशी ओरडतात, आणि मागाच्या शेडमध्ये तर ओरडूनही भागत नाही. तिथं माणसं आवाजाशिवाय बोलतात. ओठ मोठे करून, सावकाश हलवायचे आणि समोरच्यानं ते बघायचे. धागा तुटला, चहा आला, तुझी बायको दारात उभी आहे, सगळं चार मागांच्या पलीकडून बिनआवाजाचं कळतं. पूर्णा गावचा पंढरी बावीस वर्षं ही भाषा बोलत होता. त्याची बायको कमळ म्हणायची, "तुमच्याशी भांडायचा झाला तं आदी बत्ती लावावी लागते."

असल्याच एका शुक्रवारी, एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत, कॉलेजच्या हॉलमध्ये विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानमाला होती. बहिःशाल म्हणजे विद्यापीठानं आपल्या भिंती ओलांडून गावात यायचं आणि गावाला शहाणं करून जायचं. गाव शहाणं होतं की नाही ते देव जाणे, पण पत्रक दरवर्षी छापलं जातं. त्या दिवशीचा विषय होता 'यंत्रमागाचा आवाज आणि कामगारांचे आरोग्य'. वक्ते मुंबईचे, विद्यापीठातले प्राध्यापक. अध्यक्ष बाळारामशेठ. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे' असं लिहिलं होतं. पंढरी सातवी शिकलेला. त्यानं ते पत्रक चार वेळा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

बाळारामशेठही पूर्ण्याचाच. लहानपणी दोघं एकाच खाडीत पोहलेले, एकाच मास्तरची छडी खाल्लेले. पुढं बाळारामच्या बापानं जमीन विकून माग घेतले आणि पंढरी त्याच मागांवर कामाला लागला. बाप बरा होता. तो स्वतः शेडमध्ये उभा राहायचा, कामगारांशी ओठांनी बोलायचा, कुणाच्या धाग्याच्या कांड्या संपल्या ते त्याला लांबून कळायचं. पोरगा मात्र कधी शेडमध्ये शिरला नाही. त्याचं ऑफिस रस्त्याच्या तोंडाला, काचेचं, आणि काचेच्या आत पंखा. आवाज नको म्हणून त्यानं काच बसवून घेतली होती. स्वतःच्या कानांची काळजी माणसाला बरोबर कळते.

पंढरीला त्या दिवशी व्याख्यान ऐकायचं नव्हतं. त्याला एक नाव ऐकायचं होतं. मजीदचं.

मजीद त्याच्या शेजारच्या चार मागांवर तेवीस वर्षं होता. पाच वक्ताचा नमाजी माणूस. डिसेंबरात, भरदुपारी, शिफ्ट सुटल्यावर नाक्याकडं चालत जाताना मागून ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, मी लांबून हॉर्न देत होतो, माणूस हललाच नाही, पिऊन तर्र असणार. एवढ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. पण मालक म्हणून बाळारामशेठचा जबाब घेतला गेला, आणि शेठनं सांगितलं, हो, अधूनमधून घ्यायचा. सही केली आणि काचेच्या आत जाऊन बसला. पंचनाम्यात दारू आली. ज्या माणसानं खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन प्यायलं, तो मेल्यावर दारुडा झाला. माती द्यायला माणसं कमी आली. मोठी मुलगी अतिया, तिचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं. मजीदची बायको जमिला, ती त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. तिनं कुणाच्या दारात जाणं बंद केलं.

शेठनं असा जबाब का दिला, ते पंढरीला लगेच कळलं होतं. मागानं मजीदचे कान गेले आणि कान नाहीत म्हणून तो ट्रकखाली गेला, असं कागदावर आलं असतं तर बोट शेठकडे वळलं असतं. दारूचं बोट कुणाकडेच वळत नाही, मेलेल्याकडे वळतं.

आणि कान गेले होते हे नुसतं पंढरीचं म्हणणं नव्हतं. नोव्हेंबरात ह्याच प्राध्यापकांनी कामगारांच्या कानांची तपासणी केली होती. कानांवर यंत्र बसवायचं, टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. मजीद बटण हातात धरून बसून राहिला आणि शेवटी विचारतो, "साहेब, सुरू कधी करणार?" प्राध्यापकांनी त्याला त्याचा तक्ता दाखवला, वरून खाली घसरत गेलेली रेघ. म्हणाले, "मागून येणारी गाडी तुम्हाला ऐकू येणार नाही. रस्त्यानं जपून जा." मजीद बाहेर येऊन हसत सगळ्यांना सांगत होता. पाच आठवड्यांनी तो गेला.

पंढरीनं स्वतः प्राध्यापकांना जमिलाच्या घरी नेलं होतं. त्यांनी चहा घेतला. मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमच्या मिस्टरांचा तक्ता मी व्याख्यानात वाचणार आहे, नाव घेऊन. तुमची परवानगी हवी." जमिलानं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मग म्हणाली, "सबके सामने बोलना साहब. गेली ती पण सगळ्यांसमोरच गेली ना आमची इज्जत." प्राध्यापक म्हणाले, "शब्द देतो."

तो शब्द घ्यायला ती आज आली होती. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, काळ्या बुरख्यात, तोंड उघडं ठेवून, अतियाला शेजारी घेऊन. दीड महिन्यानं घराबाहेर पडली होती.

हॉल भरला होता. मागं गावातले व्यापारी, मास्तर, वकील, कॉलेजची मुलं. पुढच्या तीन रांगांत कामगार. ती व्यवस्था प्राध्यापकांचीच. ते प्राचार्यांना म्हणाले होते, "तपासणी झालेल्यांना पुढे बसवा, त्यांना ऐकू कमी येतं." चांगलं मन होतं हो माणसाचं. चांगल्या मनाला कणा नसला की काय होतं, ते पुढं दिसलंच.

जुम्म्याची नमाज आटोपून चारला कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन झालं, शाल झाली, श्रीफळ झालं. प्राचार्य माईकवर पाहुण्यांच्या पदव्या वाचायला उभे राहिले. पदव्या पुष्कळ होत्या. तेवढ्यात व्यासपीठावर बाळारामशेठ खुर्चीतून प्राध्यापकांकडे झुकला. आवाज अगदी बारीक असणार, कारण शेजारी उभ्या प्राचार्यांचंही वाचन अडलं नाही. पण शेठचं तोंड पंढरीच्या बरोबर समोर होतं.

शेठ म्हणाला, "तो मजीदचा कागद काढू नका."

प्राध्यापक दचकले. "पण मी त्यांच्या घरी सांगून आलोय."

"पोलिसात जबाब झालाय माझा. नावबिव नको. एरवी बोला काय बोलायचं ते."

"तो तक्ता महत्त्वाचा आहे, शेठ."

"व्याख्यानमाला पुढच्या वर्षी इथं पायजे ना? हॉल, गाडी, पाहुण्यांचं जेवण, कोण करतं सगळं? विद्यापीठ?"

प्राध्यापकांनी समोरच्या फाइलकडे पाहिलं. मग त्यांचे ओठ हलले. "बरं. गाळतो."

आणि त्यांनी फाइलमधला वरचा कागद काढला, घडी केली आणि शालीखाली सारली.

पंढरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठचं त्याला नवल वाटलं नाही. शेठ शेठसारखाच वागला. पण हा माणूस तिच्या घरचा चहा पिऊन आला होता. शब्द देऊन आला होता. आणि तो शब्द त्यानं नारळ फुटायच्या आधी फोडला.

त्यानं शेजारी पाहिलं. शेजारी हारून होता, त्याच पाळीतला, दाढी पिकलेला. हारूननं ओठ हलवले. "बगलंस?"

"बगला."

मागच्या रांगेतनं चिंधू पुढं वाकला. "गाळतो बोलला ना त्यो?"

"गाळतो बोलला."

तीन रांगांतल्या माना एकमेकींकडे वळल्या. पन्नास-साठ माणसं होती आणि एकही असा नव्हता की ज्यानं पाहिलं नाही. हॉलमध्ये प्राचार्यांचा आवाज घुमत होता आणि त्याच्याखाली, अगदी गुपचूप, साठ माणसं भांडत होती. चिंधूचं म्हणणं, आत्ता उठून हॉलच डोक्यावर घेऊ. हारून म्हणत होता, थांब, त्याला बोलू दे, कदाचित लाज वाटेल. एकानं शेठच्या आईला मध्ये आणलं. व्यासपीठावरून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय शिस्तीची माणसं, पापणी न हलवता बसलीत.

पंढरीनं बायकांच्या बाजूला पाहिलं. जमिलाही बघतच होती. कांड्या भरणारी बाई ती, ओठ तिलाही कळत होते. तिचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. तिनं पंढरीकडे पाहून फक्त एवढंच विचारलं, बिनआवाजाचं, "अब?"

"थांब भाबी," पंढरीचे ओठ म्हणाले. "परश्नोत्तरं हायेत."

मग व्याख्यान झालं. चांगलं पाऊण तास झालं. प्राध्यापक डेसिबल सांगत होते, फळ्यावर कानाचं चित्र काढत होते. 'काही कामगारांमध्ये श्रवणक्षमतेत घट आढळते' असं म्हणाले. काही! बासष्ट जणांना तपासलं आणि बासष्टांच्या रेघा घसरलेल्या, त्या बासष्टांचे 'काही' झाले. 'मालक आणि कामगार यांनी मिळून विचार करावा' असं म्हणाले. कापसाचे बोळे कानात घाला म्हणाले. पंढरी एकेक वाक्य बघत होता आणि प्रत्येक वाक्यानंतर वाट बघत होता. आता घेईल नाव. आता घेईल. फळ्याकडे तोंड केलं की वाक्य निसटायचं, तेव्हा तो हारूनला विचारायचा, "बोलला काय?" आणि हारून मान हलवायचा, न्हाय.

'धन्यवाद' म्हणून प्राध्यापक खाली बसले. टाळ्या मागून आल्या. पुढच्या तीन रांगांत एक हात हलला नाही.

प्राचार्य घाईनं माईकवर आले. "वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत. आता आभारप्रदर्शन."

पंढरी उठला. खिशातलं पत्रक काढून त्यानं वर धरलं. "हितं लिवलंय. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं. तुमीच छापलाव."

त्याचा आवाज शेडमधला. बंद हॉलमध्ये तो आवाज काचांना जाऊन लागला. मागं कुजबुजणारे वकील माना उंचावून बघू लागले.

"पंढरी, खाली बस," बाळारामशेठ खुर्चीतूनच हसत म्हणाला. "नंतर भेट ऑफिसात."

"नंतर न्हाय. आता. मजीदचा कागद शालीखाली का घातलाव?"

प्राध्यापकांचा हात आपोआप शालीवर गेला. शेठचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे हलले. चोराच्या मनात चांदणं. "कुठला कागद? कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"तुमीच. आता, हितंच बसून. मजीदचा कागद काढू नका, बोललाव. पोलिसात माजा जबाब झालाय, बोललाव. पुढच्या वर्षाला व्याख्यानमाला पायजे ना, हॉल, गाडी, जेवान कोन करतं, इद्यापीठ? असा बोललाव. आन ह्ये साहेब बोलले, बरं, गाळतो." पंढरीनं प्राध्यापकांकडे बोट केलं. "साहेब, तिच्या घरचा चहा प्यालाव ना तुमी? कप कुनी दिला, आठवतो का? तिच्या पोरीनं दिला. तिचा लगीन मोडलाय, दारुड्याची पोर म्हनून. तिला काय सांगू मी? साहेबांनी गाळला?"

हॉलमध्ये गलका झाला. मागची माणसं उठून उभी राहिली. प्राध्यापक खाली बघत राहिले. प्राचार्यांना नक्की कुणाला शांत करावं ते कळेना, म्हणून ते नुसतेच दोन्ही हात हलवू लागले.

आणि मग बाळारामशेठनं ती चूक केली. काचेच्या आत आयुष्य काढलेला मालकच करू शकेल अशी. तो उठला, त्यानं प्राचार्यांच्या समोरचा माईक ओढून घेतला आणि मागच्या रांगांकडे, चांगल्या कानांच्या लोकांकडे बघून म्हणाला, "मंडळी, ह्याच्याकडे लक्ष देऊ नका. अहो, हा ठार बहिरा आहे! बावीस वर्षं माझ्याच मागावर आहे, मला माहीत नाही? मागावर कान राहतात का कुणाचे? ह्या पुढच्या तिन्ही रांगा बघा, कानाशी ढोल बडवला तरी ह्यांना ऐकू यायचं नाही. आणि म्हणे मी कुजबुजलो ते ह्यानं ऐकलं!"

मागं दोघं-तिघं हसले. मग त्यांचंही हसू थांबलं, कारण पुढच्या रांगांतून कुणीच ओरडलं नाही. साठ माणसं शेठच्या तोंडाकडे बघत शांत बसली होती.

हारून उभा राहिला. "आमी ऐकला न्हाय, शेठ. आमी बगला. तुमचा बाप असता तं त्याला ठावं असता. शेडमदी आमी असेच बोलतो."

शेठला काही सुचायच्या आत बायकांच्या बाजूनं आवाज आला. जमिला उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता.

"शेठ, मजीद पण त्याच मागांवर होता. तेवीस साल. तुम्ही आत्ता माईकवर बोललात, मागावर कान राहत नाहीत. मग ट्रकचा हारन त्याला कुठून ऐकू येणार होता?"

सगळा हॉल शेठकडे बघत होता. शेठच्या हातात माईक होता आणि त्याच माईकमधून, तीनशे माणसांच्या समोर, जी गोष्ट लपवायला त्यानं मेलेल्याच्या तोंडाला दारू लावली, ती त्यानं स्वतः सांगून टाकली होती. कुणी विचारली नव्हती. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

"बोल ना बाळ्या," पंढरी म्हणाला. बावीस वर्षांत त्यानं शेठला त्या नावानं हाक मारली नव्हती. "सही करताना बरा बोललास. मजीद पेताना तू कदी बगलास? एक दिस सांग. एक!"

शेठनं माईक टेबलावर ठेवला. कडेला भिंतीशी साउंडवाला लडकू बसला होता, त्याच्याकडे बघून शेठनं बोट आडवं फिरवलं. लडकूनं क्षणभर जमिलाकडे पाहिलं, मग बटण बंद केलं. कर्ण्यांतली घरघर थांबली. शेठला वाटलं असावं, आवाज गेला की विषय गेला.

पंढरी व्यासपीठाच्या कडेला जाऊन उभा राहिला. वर चढला नाही. प्राध्यापकांच्या बरोबर समोर, मान वर करून, नुसता उभा. "साहेब, कागद काडा."

प्राध्यापकांनी शेठकडे पाहिलं, मग पंढरीकडे, मग तिसऱ्या रांगेकडे. तिथं जमिला उभीच होती. शालीखालून त्यांनी घडी बाहेर काढली. ती उलगडली. ते उठले, सवयीनं माईकजवळ गेले, बोटानं टकटक केलं. माईक मेलेला. त्यांना जरा बरंच वाटलं असणार. म्हणाले, "माईक बंद आहे. मी... प्राचार्यांकडे लेखी देईन."

"माईक ऱ्हाऊं दे," पंढरी म्हणाला. "आमाला त्यो लागत न्हाय. तोंड आमच्याकडं करा फकस्त."

प्राध्यापकांनी तोंड वर केलं. समोर साठ माणसं त्यांच्या ओठांकडे बघत होती. आयुष्यभर त्यांनी व्याख्यानं दिली होती, पण त्यांच्या तोंडाकडे असं कुणी कधी पाहिलं नसेल. त्यांचा आवाज पार बसला होता, पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. ते वाचू लागले. "मजीद अब्दुल्ला. वय सत्तेचाळीस. यंत्रमागावर तेवीस वर्षं. दोन्ही कान निकामी. मागून येणारं वाहन ऐकू येणं शक्य नाही. व्यसन..." ते अडखळले. "व्यसन, कुठलंही नाही."

"काय म्हणाले? काय वाचलं?" मागून वकील विचारत होते, मास्तर विचारत होते, टाचा उंचावून कानामागे हात धरत होते. ज्यांचे कान शाबूत होते त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

मग चिंधू मागं वळला, त्याच्या मागचा वळला, आणि तिन्ही रांगांतली बहिरी माणसं मागच्यांना मोठमोठ्यानं सांगू लागली. मजीद अब्दुल्ला. तेवीस वर्षं. दोन्ही कान. व्यसन न्हाय. शेवटच्या रांगेतल्या मास्तरपर्यंत ते पोचलं आणि दारात उभ्या असलेल्या चहावाल्यापर्यंतही.

जमिलानं अतियाचा हात धरला आणि मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या मधून, सावकाश चालत निघाली. माणसं बाजूला झाली.

प्राचार्यांना एवढ्यात काय आठवावं, तर कार्यक्रम पुरा व्हायचा राहिलाय. ते म्हणाले, "आभारप्रदर्शन..."

"कुनाचे आभार?" पंढरीनं विचारलं. त्याचा राग तसूभरही उतरला नव्हता. कागद वाचला म्हणजे सही पुसली नाही, पंचनामा तसाच होता, आणि मजीद कबरीतच होता. "सांगा ना साहेब. कुनाचे?"

बाळारामशेठ प्राचार्यांकडे झुकला आणि काहीतरी सांगू लागला. मग एकाएकी थांबला, समोर पाहिलं, खिशातनं रुमाल काढला आणि आधी तोंडावर धरला.